एक हजार घरांचा हिशेब

परदेशातल्या मराठी घरांत मुलांवर ‘आपले संस्कार’ कसे करायचे, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा कार्यक्रमाच्या रूपात येतं. गणपती बसवू, मुलांचं नाटुकलं करू, सुटीच्या दिवशी मराठीचा वर्ग घेऊ. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधल्या मराठी पालकांना याहून वेगळं उत्तर त्यांच्या शहरातच सापडेल. दक्षिण बेटावरच्या नाई ताहू या माओरी जमातीचं मुख्य कार्यालय तिथे आहे. तिच्या बहुतेक घरांतून माओरी भाषा गेली होती. या शतकाच्या सुरुवातीला जमातीने एक लक्ष्य ठरवलं: २०२५पर्यंत एक हजार घरांत माओरी रोजच्या बोलण्यात यावी. वर्ग किती, उत्सव किती, हे त्यांनी मोजायला घेतलं नाही. घरं मोजायला घेतली.

घरंच का, हे देशभराच्या अनुभवातून कळतं. १८६७च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आणली. पुढे माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबं गावं सोडून शहरांत आली आणि मुलांचं भलं व्हावं म्हणून अनेक आईबापांनीच घरातली भाषा बदलली. मग जाग आली. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला, १९८२मध्ये माओरी माध्यमाची पहिली बालकेंद्रं निघाली, १९८७मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. एवढं होऊनही, माओरीत संभाषण करू शकणाऱ्या माओरींचं प्रमाण १९९६च्या जनगणनेत २५ टक्के होतं, ते २०१३मध्ये सुमारे २१ टक्क्यांवर आलं. याचा अर्थ शाळा वाया गेल्या असा नव्हे. त्या नसत्या तर आकडा आणखी खाली गेला असता. पण जिच्यात घरी कुणी रागावत नाही, चिडवत नाही, हट्ट करत नाही, ती भाषा दप्तराबरोबर बंद होते.

आपल्याकडचे दाखलेही हेच सांगतात. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांच्या वंशजांना काय कमी आहे? गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो, परीक्षा होतात. तरीही घरात प्रामुख्याने क्रिओल बोलली जाते. उलट तंजावरला व्यंकोजींच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तमिळ शाळांत शिकूनही स्वयंपाकघरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. ती पुण्याच्या कानाला विचित्र वाटते, अनेकांना देवनागरी वाचताही येत नाही, पण ती जगली. अर्थात तिच्या जगण्यात जातीतल्या जातीत लग्नं करण्याचा मोठा वाटा होता. ती किंमत ख्राइस्टचर्चमध्ये कुणी मोजणार नाही, मोजूही नये. तिथे नाई ताहूंचाच मार्ग जवळचा: आईबापांनी ठरवून, प्रसंगी स्वतः शिकत, घरात बोलायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. माओरी धोक्यात होती. मराठी तर २०११च्या जनगणनेनुसार भारतात आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, तिची काळजी न्यूझीलंडमध्ये कशाला? मराठीची काळजी नकोच. सांगलीत भाषा सुखरूप असली म्हणून ख्राइस्टचर्चमधल्या नातीला आजीशी बोलता येतं असं नाही, एवढाच मुद्दा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. सचोटी, आतिथ्य, थोरांचा मान हे इंग्रजीत शिकवता येत नाही का? येतं. मॉरिशसचा मराठी माणूस भाषा गेल्यामुळे संस्कृतीला मुकला, असं म्हणणं तर उद्धटपणाचं होईल. मात्र कार्यक्रमातून पोचणारा वारसा नेहमी ठेवणीतले कपडे घालून येतो. आरती पोचते, आरतीवरून घरात झालेलं भांडण पोचत नाही. सोवळं कुणी पाळलं, कुणी मोडलं, जातीचा काच कुणाला बसला, आजोबांनी कोणत्या रूढीला नकार दिला, हे सारं बोलण्यातून येतं, आणि बोलण्यातच मूल ‘का?’ असं उलट विचारू शकतं. ज्याला विचारता येत नाही, त्याने वारसा एक तर सगळा डोक्यावर घ्यायचा किंवा सगळा अडगळीत टाकायचा. निवड करायची तर बोलता यायला हवं.

दोन भाषांनी मुलांचा गोंधळ उडतो ही भीती मात्र फार मनावर घेण्यासारखी नाही. घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा सहज वापरणारी मुलं भारतात गल्लोगल्ली आहेत. खरी अडचण वेळेची आणि चिकाटीची. नाई ताहूंच्या अनेक आईबापांना आधी स्वतः माओरीचे धडे गिरवावे लागले. मराठी आईबापांना भाषा आयती येते. मूल इंग्रजीत उत्तर देत असताना, त्याच्या उच्चारांना न हसता, पुढचं वाक्य पुन्हा मराठीतच बोलायचं, एवढंच त्यांना करायचं आहे. त्याला वर्गणी लागत नाही की सभागृह लागत नाही. कंटाळा मात्र फार येतो.