परका अवयव आणि शरीराचा पहारेकरी

धन्याने सन्मानाने बोलावलेला पाहुणा आणि भिंत चढून आलेला चोर यांतला भेद पहारेकऱ्याला कळेनासा झाला, तर जो अनर्थ ओढवेल, तोच अवयवरोपणात ओढवतो. बसविलेले मूत्रपिंड रोग्याच्या जीवितासाठीच आलेले असते. परंतु रक्तातील लिंफपेशींना ते परकेच दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाची त्वचा लावण्यात आली. ती टिकली नाही. आणि दुसऱ्या वेळी लावलेली तर अधिकच लवकर नष्ट झाली. पीटर मेडावर यांनी यावरून ताडले की, शरीर परक्याला केवळ हुसकावीत नाही, त्याची ओळखही ध्यानात ठेवते.

पुढे १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. दोघे एकाच बीजाचे असल्यामुळे पहारेकऱ्याला संशय आला नाही आणि रोगी आठ वर्षे जगला. पण जुळा भाऊ कितीजणांना असतो? इतरांसाठी प्रथम सर्वांगावर क्षकिरणांचा मारा करून पाहिला. त्यात बहुतेक रोगी जंतुसंसर्गाने दगावले. पुढे अ‍ॅझाथायोप्रीन व स्टेरॉइडे आली, तरी तोल साधणे बिकटच होते. १९६७ साली केप टाउन येथे दुसऱ्याचे हृदय लाभलेला पहिला रोगी अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. पहारेकरी निजला की खरा चोरही आत शिरतो, तो असा.

खरे वळण लागले ते नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीमुळे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १९७२ च्या सुमारास तिच्यातील सायक्लोस्पोरिनचा गुण लक्षात आला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध सरसकट सर्व वाढत्या पेशींचा घात करीत नाही. टी-पेशी आपल्या सोबत्यांना ज्या संदेशाने जागे करतात, तो संदेशच ते रोखून धरते. दैवाची थट्टा अशी की, मूत्रपिंड राखणारे हे औषध अधिक झाले तर मूत्रपिंडासच जाचते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते.

आज बहुधा दोनतीन औषधे थोड्या थोड्या मात्रेत एकत्र देतात, आणि ती जन्मभर चालतात. प्रकृती सुधारली म्हणून गोळी चुकविण्याचा मोह रोग्यास होतो. पण नकाराचा आरंभ पुष्कळदा वेदनेवाचून होतो; रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळते, तेव्हाच तो उमगतो.