तेजस्विन शंकर : उंच उडीतून डेकॅथलॉनकडे

दिल्लीच्या तेजस्विन शंकरचा जन्म २१ डिसेंबर १९९८ चा. सरदार पटेल विद्यालयात त्याला वेड होते क्रिकेटचे, वेगवान गोलंदाजीचे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला उंच उडीकडे वळवले. २०१५ मध्ये सामोआतील राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. पुढच्या वर्षी कोइंबतूरला, राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत, त्याने २.२६ मीटर उडी मारून हरिशंकर रॉयचा २००४ पासूनचा २.२५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

२०१७ मध्ये तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला. तिथले प्रशिक्षक क्लिफ रोव्हेल्टो यांनी उंच उडीत एरिक किनार्ड घडवला होता आणि सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये ऑस्ट्रा स्कुयिटे. तेजस्विनची पुढची वाटचाल समजायला ही दोन्ही नावे महत्त्वाची. एप्रिल २०१८ मध्ये टेक्सासमधील लबक येथे त्याने २.२९ मीटरची विक्रमी उडी मारली. अमेरिकी विद्यापीठांचे राष्ट्रीय विजेतेपदही त्याने दोनदा पटकावले, २०१८ आणि २०२२ मध्ये.

दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी त्याने २.२७ मीटर पार केले. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने ठरवलेला निकषही एवढाच होता. तरीही आंतरराज्य स्पर्धेत न उतरल्यामुळे त्याला संघातून वगळण्यात आले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि स्पर्धा तोंडावर आली असताना त्याची वर्णी लागली. ३ ऑगस्ट २०२२ रोजी तो मैदानात उतरला. उंच उडीत प्रत्येक उंचीला तीन संधी मिळतात. दोघांनी ओलांडलेली सर्वोच्च उंची एकच असेल, तर आधी त्या उंचीवरचे आणि मग एकूण चुकलेले प्रयत्न मोजतात. तेजस्विनने २.२२ मीटरपर्यंतची प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात ओलांडली. २.२२ वर इतरही थांबले, पण त्यांच्या दांडीला आधी धक्के बसले होते. स्वतःच्या विक्रमापेक्षा सात सेंटिमीटर कमी उडीवर कांस्यपदक आले ते या निर्दोष उड्यांच्या बळावर. राष्ट्रकुल स्पर्धेतील उंच उडीतले भारताचे हे पहिले पदक. आदल्या महिन्यापर्यंत ज्याचा सहभागच अधांतरी होता, त्याची ही एकाग्रता विक्रमाइतकीच मोलाची मानायला हवी.

त्यानंतर तो डेकॅथलॉनकडे वळला : दोन दिवस, दहा प्रकार, पहिल्या दिवशी १०० मीटर धावणे आणि शेवटी दमलेल्या पायांनी १५०० मीटर. उंच उडीत मिळणारी आघाडी बांबू उडी आणि फेकीच्या प्रकारांत टिकवावी लागते. २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य, तर हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ७६६६ गुणांसह रौप्य मिळाले. भारतिंदर सिंगचा ७६५८ गुणांचा राष्ट्रीय विक्रम मोडला गेला. आशियाई क्रीडा स्पर्धेत डेकॅथलॉनचे पदक भारताला मिळाले ते १९७४ च्या तेहरान स्पर्धेनंतर थेट या वेळी. २०२५ मध्ये पोलंडमध्ये त्याने हा विक्रम ७८२६ गुणांवर नेला.

त्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारेने उंच उडीत २.२८ मीटर पार करून सहावा क्रमांक मिळवला. तेजस्विनचा २.२९ मीटरचा विक्रम एका सेंटिमीटरने वाचला.