प्रेशर हॉर्न आणि अनर्थदंडविरती

मोटारींचे सुटे भाग आणि सजावटीचे साहित्य विकणाऱ्या बाजारपेठेत आज एक लहानशी पेटी सहज मिळते. तीत तुतारीच्या आकाराचे दोन भोंगे, एक छोटा कॉम्प्रेसर, हातभर रबरी नळी आणि एक रिले एवढेच साहित्य असते. कारागीर अर्ध्या-पाऊण तासात ते वाहनावर बसवून देतो आणि घरगुती मोटारीला मालमोटारीचा कंठ लाभतो. व्यवहारात या वस्तूला ‘प्रेशर हॉर्न’ म्हणतात. तो बसवून घेणारे सगळेच बेदरकार तरुण असतात असे नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाच्या दारातही असे वाहन उभे दिसते. ‘महामार्गावर साधा हॉर्न कोणी ऐकत नाही, सुरक्षिततेसाठी बसवला आहे’ असे कारण सांगितले जाते. हे कारण कितपत खरे आहे आणि श्रावकाच्या आचारात अशा साधनाला स्थान आहे का, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मूळ प्रयोजन

दाबलेल्या हवेवर वाजणारा भोंगा मुळात रेल्वेचे इंजिन, जहाज आणि अवजड मालवाहू वाहन यांच्यासाठी आहे. रेल्वेगाडी रुळावरून बाजूला वळू शकत नाही आणि ब्रेक लावल्यावरही बरेच अंतर कापून मगच थांबते. त्यामुळे दूरवरच्या माणसाला आगाऊ सावध करण्यावाचून तिच्या चालकाला गत्यंतर नसते. ट्रक आणि बस यांचे ब्रेकच हवेच्या दाबावर चालत असल्याने दाबलेली हवा त्यांच्याजवळ आयती असते. घरगुती मोटारीची गोष्ट अगदी वेगळी आहे. ती वळू शकते, थोड्या अंतरात थांबू शकते आणि तिच्याजवळ हवेचा साठाही नसतो. म्हणूनच तिला स्वतंत्र कॉम्प्रेसर जोडावा लागतो. एका निराळ्या यंत्राची गरज अशा प्रकारे तिच्यावर लादली जाते.

हॉर्नच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आढळतो. मिलर रीझ हचिसन या अमेरिकन संशोधकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कर्णबधिरांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले. पुढे १९०८ साली बाजारात आलेला, कर्कश आवाजासाठी जगभर ओळखला गेलेला ‘क्लॅक्सन’ हा मोटारीचा विजेचा भोंगाही त्याच्याच कल्पनेतून आला. बहिऱ्यांना ऐकू यावे म्हणून झटणारी बुद्धी आणि ऐकणाऱ्यांचे कान किटवणारी बुद्धी एकाच माणसाची होती. साधन घडवताना त्याच्या परिणामाचा विचार कोठवर केला जातो, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे.

यंत्राची रचना आणि धोका

कारखान्यातून येणाऱ्या साध्या हॉर्नमध्ये विद्युतचुंबकाने एक पातळ पडदा कंप पावतो. त्याला लागणारा विद्युतप्रवाह मर्यादित असतो आणि वाहनाची तार व फ्यूज त्याच हिशेबाने बसवलेले असतात. प्रेशर हॉर्नचा कॉम्प्रेसर त्याहून बराच अधिक प्रवाह ओढतो. स्वतंत्र जाड तार, रिले आणि योग्य क्षमतेचा फ्यूज न घालता तो जुन्याच तारेवर जोडला, तर तार तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागण्याचा धोका निर्माण होतो. मूळ तारा कापल्याचे आढळल्यास विद्युतयंत्रणेच्या वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो. दुचाकीची बॅटरी लहान असल्याने तेथे हा भार अधिकच जाणवतो. सुरक्षिततेच्या नावाने बसवलेले साधन असे प्रथम स्वतःच्याच वाहनाची सुरक्षितता कमी करते.

डेसिबलचे गणित

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे मापन साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज ४ मीटरवर ९८ आणि १६ मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास राहतो. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या गल्लीत तो इतकाही उतरत नाही.

व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात प्रचलित असलेल्या एका निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत सहन करता येतो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीबरोबर ही मुदत निम्मी होते. ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, फुटपाथवरचा भाजीविक्रेता यांच्या वाट्याला ही १५ मिनिटे तुकड्यातुकड्यांनी किती वेळा येत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या आघाताने त्या नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. हरवलेले श्रवण कोणत्याही औषधाने परत येत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते, परंतु गेलेला कान देत नाही.

श्रोत्रेंद्रिय हा प्राण आहे

जैन शास्त्रकारांनी हिंसेचा विचार केवळ जीव घेण्यापुरता मर्यादित ठेवलेला नाही. पाच इंद्रिये, मनोबल, वचनबल, कायबल, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास असे दहा प्राण त्यांनी सांगितले. प्रमादयुक्त व्यापारातून प्राणांना बाधा पोहोचणे ही हिंसा होय, असे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचे प्रतिपादन आहे. श्रोत्रेंद्रिय हा त्या दहा प्राणांपैकी एक आहे. तेव्हा कोणाच्या श्रवणशक्तीला इजा करणे ही केवळ गैरसोय किंवा शिष्टाचाराचा भंग ठरत नाही. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने ती प्राणहिंसाच ठरते. श्रोत्रेंद्रिय पंचेंद्रिय जीवांनाच असते, म्हणून हा घाव माणूस, गाय, बैल, पक्षी यांच्यावर पडतो. कर्कश आवाजाने बिथरून रस्त्यात धावणारे जनावर हे त्याचे नित्य दिसणारे रूप आहे.

गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रकार जाणून होते. म्हणूनच त्यांनी प्रयोजनाची कसोटी दिली आणि निष्प्रयोजन पापाला ‘अनर्थदंड’ म्हटले. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति आणि प्रमादचर्या. या व्रताच्या अतिचारांत ‘असमीक्ष्याधिकरण’ हा एक अतिचार येतो. गरजेचा विचार न करता अधिक साधनांची जुळवाजुळव करणे, असा त्याचा आशय. श्वेतांबर आगमपरंपरेत त्याच्या जागी ‘संयुक्ताधिकरण’ येते, म्हणजे पीडेचे साधन जोडून, सज्ज करून ठेवणे. कारखान्याने दिलेला पुरेसा हॉर्न असताना त्यावर दुसरा, अधिक तीव्र भोंगा जोडून घेणे हे या दोन्ही संज्ञांत नेमके बसते.

‘सुरक्षिततेसाठी’ हे कारण

प्रयोजन खरे असेल तर अनर्थदंडाचा दोष लागत नाही, असा प्रतिवाद होऊ शकतो. म्हणून सुरक्षिततेचा मुद्दा तपासून पाहिला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. हॉर्न ऐकणे, तो कोणासाठी आहे हे समजणे आणि बाजूला होणे यात समोरच्याचा निदान एक-दोन सेकंदांचा काळ जातो. तेवढ्या अवधीत आवाजावर विसंबून वेग कायम ठेवणारा चालक ब्रेकसाठी हाती असलेले अंतर गमावतो. अकस्मात कर्कश आवाज झाला की पादचारी किंवा सायकलस्वार विचार करून नव्हे, दचकून हालचाल करतो आणि अनेकदा चुकीच्या दिशेने जातो. वळणावळणाच्या घाटात एक छोटा, साधा हॉर्न आवश्यकच असतो. तेवढे काम कारखान्याचा हॉर्न चोख करतो. सावधपणाची जबाबदारी स्वतःच्या पायाखालच्या ब्रेकवरून समोरच्याच्या कानावर ढकलणे, हेच प्रेशर हॉर्नचे खरे कार्य आहे.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणारा बहुस्वरी हॉर्न, तसेच अवाजवी कर्कश, तीव्र किंवा भयसूचक आवाज करणारे कोणतेही साधन खासगी वाहनावर बसवण्यास मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांसारख्यांनाच त्यातून सवलत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये पहिल्या अपराधासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनाकारण अथवा सतत हॉर्न वाजवण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ फ आले. त्यात प्रथम १,००० आणि पुन्हा घडल्यास २,००० रुपये दंड आहे. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात अपवादात्मक प्रसंग वगळता हॉर्न वाजवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच बजावले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास बंदी केली. २०२० साली मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडला. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होई. हॉर्नने रस्ता मोकळा होत नाही, हे सत्य त्या प्रयोगाने विनोदाच्या अंगाने सर्वांसमोर मांडले.

विहारमार्ग आणि व्यापारपेठ

या प्रश्नाचा एक पैलू जैन समाजाला विशेष जवळचा आहे. चातुर्मास संपताच मुनी, आर्यिका, साधू-साध्वी यांचा पायी विहार सुरू होतो आणि त्यातील मोठा भाग आज महामार्गाच्या कडेने होतो. ईर्यासमितीचे पालन करत, चार हात जमीन न्याहाळत चालणाऱ्या त्यागीजनांच्या पाठीशी अचानक भोंगा वाजला, तर होणारा दचका वृद्ध साधूचा तोल घालवण्यास पुरेसा असतो. त्यांच्यासोबत चालणाऱ्या श्रावकांचीही तीच गत होते. दर्शनाला निघालेल्या गाडीनेच वाटेत हा उपसर्ग करावा, यासारखी विसंगती नाही. विहार करणारा संघ दिसताच वेग कमी करणे, पुरेसे अंतर ठेवून पुढे जाणे आणि हॉर्नला हात न लावणे ही सुद्धा वैयावृत्त्याचीच एक रीत आहे.

दुसरा पैलू व्यापाराचा. वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात समाजातील अनेक कुटुंबे आहेत. हिंसादान म्हणजे पीडेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. शस्त्र व विष यांचा व्यापार टाळणाऱ्या दुकानदाराने आपल्या फळीवरील या पेटीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. ग्राहकाला ‘हे नियमात बसत नाही’ एवढे सांगून प्रमाणित हॉर्न पुढे करणाऱ्या दुकानदाराचा नफा थोडा घटेल, पण त्याच्या व्रताला बाध येणार नाही.

करण्याजोगे

मूळ हॉर्नचा आवाज क्षीण झाला असेल तर बहुतेक वेळा कारण किरकोळ असते: गंजलेले अर्थिंग, सैल झालेली जोडणी, आत गेलेले पाणी अथवा चिखल, उतरलेली बॅटरी. ते दुरुस्त करावे किंवा त्याच मॉडेलसाठी प्रमाणित हॉर्नची जोडी बसवावी. प्रेशर हॉर्न आधीच बसवलेला असेल, तर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून कॉम्प्रेसर व रिले काढून मूळ तारा आणि मूळ क्षमतेचा फ्यूज पूर्ववत करून घ्यावा. महामार्गावर पुढे जाण्यासाठी दिव्याचा डिपर वापरावा आणि वाट मिळेपर्यंत धीर धरावा. घरातील तरुणाला पहिली गाडी देताना परवाना, हेल्मेट आणि विमा यांच्याबरोबर हा नियमही सांगावा.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात अनेक श्रावक एखाद्या पदार्थाचा, एखाद्या सवयीचा त्याग करतात. यंदा त्या यादीत आणखी एक नियम घालता येईल: अत्यावश्यक प्रसंगावाचून हॉर्न वाजवणार नाही आणि वाहनावर अधिकचा भोंगा बाळगणार नाही. क्षमापनेच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. रस्त्यात दचकलेल्या अनोळखी माणसाला गाठून ती मागण्याची सोय नसते. त्याला न दचकवणे एवढेच चालकाच्या हाती असते.