बहादरपुरातून पेशीला

सकाळी ६. थंडी अजून आहे. केळीचे ट्रक बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलेत. मी बहादरपुरात राहतो आणि जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कामं बहुतेक शेतीच्या बांधाची, पावरलूमच्या उधारीची, वाटणीची. पण १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला आणि माझ्या कपाटात सिनेमाच्याही फायली दिसू लागल्या. चित्रपटाची सुरुवातच बुऱ्हाणपूरवरच्या मराठ्यांच्या हल्ल्याने होते. तो हल्ला १६८१ च्या जानेवारीअखेरीस झाला. मोगलकालीन इतिहासकार खाफीखानाने त्या लुटीच्या वर्णनात बहादूरपुराचं, म्हणजे आमच्याच गावाचं, नाव घेतलंय आणि सोबत आणखी सतरा पुरे मोजलेत. हा चित्रपट आमच्या गावाने किती जीव लावून पाहिला असेल, याची कल्पना यावी.

८. पेशीला निघण्याआधी ओसरीवर बाप-लेक येऊन बसले. मुलगा कॉलेजात आहे. थिएटरात नव्या सिनेमाचा शेवट मोबाइलवर घेतला आणि स्टेटसला ठेवला. कोणीतरी धमकावलं, “पोलीस येतील.”

“काका, मी विकलं नाही हो. सगळेच ठेवतात.”

सगळेच ठेवतात, हे खरं. पण २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा प्रत काढण्याच्या किंवा पुढे पाठवण्याच्या हेतूने थिएटरात चित्रीकरण करणं हा आता त्याच कायद्याखालचा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. दंड किमान तीन लाख, आणि वर चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. तीन लाख ऐकून बापाने मुलाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच पाहत राहिला. मी हेतूवर बोट ठेवलं, कारण मुलाची खरी ढाल तीच आहे. क्लिप काढून टाक, कुणाला पाठवली ते खरंखरं सांग, आणि तक्रार झाली तर मला विचारल्याशिवाय जबाब देऊ नकोस. कोट्यवधींचं नुकसान करणाऱ्या टोळ्यांसाठी हा कायदा हवाच. पण तिकीटखिडकीवर त्याची मराठी-हिंदीत ठळक पाटी नसते आणि शिक्षा मात्र पूर्ण असते, हे मला मान्य नाही.

१०.३०. कोर्ट. दोन पेश्या, दोन्हींत पुढची तारीख.

१.३०. बाररूममध्ये डबा उघडला, तोच एक ओळखीचे गृहस्थ आले. कुठल्याशा मालिकेत त्यांच्या घराण्याचा पूर्वज फितूर दाखवलाय. “साहेब, मानहानीची नोटीस ठोका. शिर्क्यांनी ठोकली होती ना?”

ठोकली होती. ‘छावा’त गणोजी आणि कान्होजी शिर्के यांचं चित्रण पाहून वंशजांनी शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. पण ती माफी कोर्टाच्या हुकमाने आली नव्हती, हे आधी समजावलं. मग कायदा सांगितला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृताची बदनामीही बसते, पण तिने जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. साडेतीनशे वर्षांनंतर जवळचे नातेवाईक कोणाला म्हणायचं? आणि नोव्हेंबर २०२५ चं उदाहरण तर आपल्याच उच्च न्यायालयाचं आहे. शाहबानो प्रकरणावर बेतलेल्या ‘हक’ चित्रपटाला शाहबानोच्या मुलीने इंदूर खंडपीठात हरकत घेतली. न्यायालयाने ती फेटाळली. माणसाचा खासगीपणा आणि प्रतिष्ठा त्याच्याबरोबर संपते, ती शेतजमिनीसारखी वारसांकडे येत नाही. जिथे मुलीचं चाललं नाही, तिथे दहाव्या-बाराव्या पिढीचं कसं चालेल?

गृहस्थ हिरमुसले. मला त्यांचं दुःख खोटं वाटत नाही. पण इतिहास न्यायाधीशाने ठरवावा, असं मी कधीच मागणार नाही. उत्तर द्यायचं तर कागद शोधून लेख लिहा, मी मदत करतो, असं सांगितलं. रस्त्यावर उतरून खेळ बंद पाडायची भाषा तर नकोच. २०१८ मध्ये ‘पद्मावत’वर काही राज्यांनी बंदीची भूमिका घेतली, त्यांत आपला मध्य प्रदेशही होता. सर्वोच्च न्यायालयाने बंदी रोखली. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दाखवू देणं आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणं हे राज्याचं काम आहे. सातच वर्षांनी याच राज्याने ‘छावा’ करमुक्त केला. सरकारची मर्जी फिरते, म्हणूनच कोर्टाचा तो निकाल मला मोलाचा वाटतो.

४. असीरगडाकडचा शेतकरी. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’नंतर उठलेल्या मोगलांच्या सोन्याच्या अफवेने लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन तिकडची शेतं खोदत होते. याच्या शेतातले खड्डे अजून बुजलेले नाहीत, भरपाई कोणाकडे मागू म्हणतो. निर्मात्याकडे नाही. पडद्यावर खजिना दाखवला म्हणून कोणी फावडं हातात दिलं असं होत नाही. खोदणारे सापडले तर त्यांच्यावर अतिक्रमण आणि नुकसानीचा दावा, नाहीतर तहसीलदाराकडे पंचनाम्याचा अर्ज. अर्ज मीच लिहून दिला. जाताना बजावलं, नांगराला खरोखर नाणं लागलं तर लपवू नका. १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो.

७. बहादरपुरात परत. मंडळाची पोरं वाट बघत होती. शिवजयंतीला चौकात मोठ्या पडद्यावर ‘छावा’ लावायचाय.

“दादा, फुकट दाखवणार आहोत. महाराजांचं काम आहे.”

फुकट दाखवलं तरी सार्वजनिक प्रदर्शनच. धार्मिक विधीत गाणं किंवा ध्वनिमुद्रण वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, त्या यादीत चित्रपट नाही. आणि इतिहास कोणाच्या मालकीचा नसला, तरी हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर उभा आहे. सावंत २००२ मध्ये गेले, म्हणून कादंबरीचा हक्क २०६२ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना तो दिला त्यांचा. चित्रपटाचा हक्क त्याहून लांब, २०८५ पर्यंत.

पोरांचे चेहरे पडले. मग आम्ही बसून दोन पत्रं लिहिली. एक निर्मिती संस्थेला, एका सार्वजनिक खेळाची परवानगी आणि शुल्क विचारणारं. दुसरं प्रशासनाला, जागेसाठी. परवानगी वेळेत आली नाही तर त्या रात्री पडदा नाही, १६८१ वर व्याख्यान ठेवायचं असं ठरलं. व्याख्यानात खाफीखानाचा उतारा वाचायचाय. तो उद्या पेशीनंतर झेरॉक्स करून आणायचं काम माझ्याकडे आलं.