मोठा पडदा आणण्याआधी खोली पाहा

गणपती जवळ आले की पेण-रोह्याकडच्या घरांत रंगरंगोटी निघते आणि टीव्हीचा विषयही. मुंबईच्या नातेवाइकांनी नवा चपटा टीव्ही घेतलेला असतो. ‘जुना पन्नास इंची गावी घेऊन जा,’ असे ते म्हणतात. हा जुना संच ‘रिअर प्रोजेक्शन’ प्रकारचा असेल, तर टेम्पो ठरवण्याआधी त्याचे विज्ञान समजून घ्या.

या संचात चित्र खोक्याच्या आत लहान आकारात तयार होते, भिंगातून मोठे होते आणि आरशावरून परावर्तित होऊन पडद्याच्या मागच्या बाजूवर पडते. पडद्यावरच्या बारीक खाचा हा प्रकाश मुख्यतः समोर बसणाऱ्यांकडे वळवतात. सोफ्यावरून चित्र झकास दिसते. पण ओटीवर कोणी झोपाळ्यावर, कोणी चटईवर, कोणी दारात उभे असते. त्यांना तेच चित्र अंधूक दिसते. दारे-खिडक्या उघड्या असल्या तर दिवसा आणखी फिके.

दुसरा प्रश्न पावसाचा. रायगडात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेत आतल्या भिंगावर, आरशावर बुरशी धरू शकते. दिव्यावर चालणाऱ्या संचात टीव्ही बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरून दिवा थंड करतो. मध्येच वीज गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. दिवा ४,००० तास टिकतो असे धरले, तर रोज पाच तासांच्या हिशेबाने ८०० दिवसच भरतात. मित्सुबिशीने २०१२च्या अखेरीस हे संच बनवणे थांबवले. इतर मोठ्या कंपन्या त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. म्हणून दिवा मिळेल का, हे दुरुस्तीवाल्याला आधी विचारा.

संच भर दिवसा लावून पाहा. जमिनीवर बसून, बाजूला सरकून, उभे राहून बघा. पांढऱ्या अक्षरांना रंगीत कडा दिसतात का, वाहिनीच्या चिन्हाचा कायमचा ठसा उमटला आहे का, तेही तपासा. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नका. तीन नळ्यांच्या जुन्या संचात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. दिव्यात पारा असतो. तो फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि थोड्या वेळाने काचा हातमोजे घालून गोळा करा.

मोठ्या पडद्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत. पण एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. पन्नास इंची पडद्यापासून निदान सहा-सात फूट अंतर ठेवा. पूर्ण अंधारात पाहू नका, मागे एक लहान दिवा असू द्या. खोलीत एवढी जागा नसेल किंवा घरचे सगळे समोर बसू शकत नसतील, तर फुकटच्या पन्नास इंचांपेक्षा बत्तीस इंची एलईडी अधिक सोयीचा.