हसू कोणाच्या वाट्याला?

सुनीत म्हटले की प्रेम, मृत्यू, काळाची गती असे गंभीर विषय डोळ्यांसमोर येतात. तथापि या चौदा ओळींच्या घाटाचा उगम मित्रमंडळीच्या काव्यसंवादात आहे. तेराव्या शतकात सिसिलीच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाच्या दरबारी जाकोमो दा लेन्तिनी आणि त्याचे सहकवी एकमेकांना सुनीते पाठवीत. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने त्याच घाटात उत्तर द्यावे, अशी ती रीत होती. मराठीत केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून या प्रकाराची वाट मोकळी केली. पुढे पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी रविवारी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकत. सुनीत मराठीत रुजले ते अशाच बैठकींच्या काळात.

विनोदी सुनीताला तर अशा बैठकीची अधिकच गरज असते. वृत्त चुकले तर ते कवीला स्वतःलाही बोटांवर मोजून कळते. परंतु आपला विनोद कोणाला लागला, हे त्याच्या कानाला सहसा ऐकू येत नाही.

कल्पनेसाठी एक उदाहरण घेऊ. विषय आपल्या घरोघरचा आहे: सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची धांदल. कवी शार्दूलविक्रीडितात आरंभ करतो:

घाई रोज घरी कशी उसळते सांजेस ताटांसवे

एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. सारे जागच्या जागी आहे. पहिल्या आठ ओळींत घड्याळ, स्वयंपाकघर आणि खिडकीतून कलणारे ऊन येते. नंतरच्या सहा ओळींत सुनीताच्या रीतीप्रमाणे कलाटणी येते आणि शेवटी कवी हशा वसूल करतो:

गेला सूर्य, तरी शिजे न अजुनी भाजी सुनेची अहो!

बैठकीत हशा पिकतो. मग एखादी ज्येष्ठ कवयित्री शांतपणे विचारते, “पहाटेपासून चुलीपाशी उभी आहे ती सून. तिच्यावर हसणारा तेव्हा काय करीत होता?” प्रश्न वृत्ताचा नाही, पण उत्तर वृत्तातच द्यावे लागते. कवी वही पुढे ओढतो. पहिले तीन शब्द तो तसेच ठेवतो आणि उरलेली ओळ बदलतो:

गेला सूर्य, तरी न मी उचलले खुर्चीतुनी पाय हे!

गण तेच, यती तीच आणि हशाही तोच. किंबहुना तो अधिक मोकळा, कारण आता त्यात सूनही सामील होऊ शकते. दुरुस्तीने विनोद सौम्य झाला असे नव्हे. त्याला योग्य धनी मिळाला.

ही कसोटी थोर कवींनाही चुकलेली नाही. फ्लॉरेन्सचा महाकवी दान्ते आणि त्याचा मित्र फोरेसे दोनाती यांनी एकमेकांची थट्टा करणारी सुनीते लिहिली. त्यांतील एकात दान्तेने फोरेसेच्या पत्नीला हसण्याचा विषय केले: ती बिचारी ऐन ऑगस्टमध्येही सर्दीने खोकते. थट्टा मित्राची, पण वार झाला तो त्या वादात नसलेल्या स्त्रीवर. १२९६ मध्ये फोरेसे वारला. पुढे ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या दुसऱ्या खंडातील तेविसाव्या सर्गात दान्तेला तो शुद्धिलोकात भेटतो आणि कृतज्ञतेने सांगतो की, पत्नी नेल्लाच्या अश्रूंमुळे व प्रार्थनांमुळे आपली वाट लवकर सुकर झाली. जुन्या थट्टेचे हे परिमार्जन आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. सुनीत सुधारण्याची वेळ निघून गेली होती. म्हणून महाकाव्यात ते ऋण फेडावे लागले.

जैन वाचकाला यातील मर्म परके वाटणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठातील सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. क्रोध, लोभ आणि भय यांच्या जोडीने तेथे हास्याचाही त्याग सांगितला आहे; पाचवी भावना आहे अनुवीचिभाषण, म्हणजे विचारपूर्वक बोलणे. रागाच्या भरात माणूस खोटे बोलतो हे सर्वांना पटते. हसवण्याच्या भरातही तो तेच करतो, हे आचार्यांनी ओळखले होते. महाव्रती मुनींचा मार्ग कठोर आहे. गृहस्थ कवीने मात्र त्यातून एवढी सावधगिरी अवश्य घ्यावी की, ज्याच्यावर हसायचे तो हजर आहे असे समजून ओळ वाचून पाहावी.

एकट्याला हे साधत नाही, म्हणून सहकवी हवेत. त्यांनीही हित, मित आणि प्रिय वचनाची मर्यादा पाळावी. दोष ओळीचा सांगावा, कवीचा नव्हे. क्षमावाणीच्या दिवशी आपण वर्षभरातील बोललेल्या शब्दांची क्षमा मागतो. त्यांतील एखादा शब्द छापून जाण्याआधीच बैठकीत बदलला गेला, तर त्या दिवशी मागायची एक क्षमा कमी होते.