कर्नेलचा गाभा (भाग १७) : पुस्तक थांबतं, कागद चालत राहतो

मेमरीतल्या पानांचं वाटप आज घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मार्गासनीहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चालतं कर्नेल मध्येच थांबवून आत डोकावणाऱ्या केजीडीबीची ओळख मागच्या भागात झाली, ती वाचून तो सुट्टीत घरी प्रयोगाला बसला. हाताशी कॉलेजच्या लायब्ररीतलं ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’, तिसरी आवृत्ती. त्यातलं चौथं प्रकरण सांगतं की केजीडीबी हा बाहेरून लावायचा पॅच आहे, आणि त्याच नावाचे दोन वेगळे पॅच फिरत आहेत : एक अँड्र्यू मॉर्टन यांच्या शाखेत, दुसरा सोर्सफोर्जवर. पत्रात मुख्य प्रश्न तीन आहेत. सहाव्या मालिकेच्या कर्नेलला बसेल असा पॅच कुठे मिळेल? दुसरा कॉम्प्युटर नाही, लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, मग जोडणी कशी करायची? आणि हे सगळं मराठीत का नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. पॅच शोधू नका. जुलै २००८ मध्ये २.६.२६ आवृत्ती आली तेव्हाच केजीडीबी कर्नेलच्या आत दाखल झाला. कर्नेल बांधताना केजीडीबी आणि त्याचा सिरियल कन्सोल हे दोन पर्याय चालू करायचे, डीबगची माहिती ठेवायची, आणि बूटच्या ओळीत ‘केजीडीबीओसी’ लिहून त्याला पोर्ट आणि वेग द्यायचा. सोबत ‘केजीडीबीवेट’ लिहिलं तर कर्नेल सुरुवातीलाच जीडीबी या डीबगरची वाट पाहत थांबतं. दुसरा कॉम्प्युटर लागत नाही. क्यूईएमयूमध्ये आभासी मशीन उभं करा; त्याचा सिरियल पोर्टही आभासीच असतो आणि तो तुमच्याच लॅपटॉपवरच्या जीडीबीला जोडता येतो.

ही सगळी माहिती आपल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आधीपासून होती. कर्नेलचा सोर्स उतरवला की त्यात ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचं मोठं फोल्डर येतं, आणि केजीडीबीवरचा संपूर्ण दस्तऐवज त्यात असतो. कोड आणि त्याची माहिती एकाच झाडात, एकाच गिट भांडारात राहतात, ही कर्नेलची मला सर्वांत आवडणारी व्यवस्था आहे. तुमच्याकडे जी आवृत्ती, तिच्याच काळातला कागद तुमच्यासमोर. डोंगराआड मोबाइलची रेंज गेली तरी तो उघडतो.

आता पुस्तकाबद्दल. ते २००५ सालचं, कर्नेल २.६.१० वर बेतलेलं. जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी आणि ग्रेग क्रोह-हार्टमन हे त्याचे लेखक. ड्रायव्हर म्हणजे काय, इंटरप्ट म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी आजही ते पुढे करतो. केजीडीबीबद्दल त्यांनी लिहिलं ते लिहिलं त्या दिवशी तंतोतंत खरं होतं. छापल्यावर पुस्तक थांबलं, कर्नेल पुढे गेलं. आणि बघा, याच पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी कॉर्बेट हे २०१४ पासून कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनचे मेंटेनर आहेत. छापील पुस्तकात जे त्यांना करता येत नाही, ते ते या फोल्डरात दर आवृत्तीला करतात. म्हणून आजचा अख्खा भाग या राखणीला देतो.

केजीडीबीचा दस्तऐवज शेवटपर्यंत वाचा. तिथे श्रेयाची यादी आहे आणि तिच्यातलं पहिलं नाव अमित काळे यांचं आहे. ‘डीबग_कोअर.सी’ ही केजीडीबीच्या कोडची मुख्य फाइल. तिच्या माथ्यावर हक्कांच्या ओळी आहेत : २०००-२००१ व्हेरिटास, २००३-२००४ अमित काळे, २००४-२००६ लिनसिससॉफ्ट. ही लिनसिससॉफ्ट म्हणजे काळे यांची पुण्यातली कंपनी. मूळचा तुकडा डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियान यांचा, अशीही नोंद तिथेच सापडते. मार्गासनीहून एसटीने नसरापूर ओलांडून हायवेला लागलं की जे शहर येतं, तिथे बसून लोकांनी हा पॅच सांभाळला. जगभरच्या कर्नेलमध्ये तो धागा आजही आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं.

तो काळ पॅचवाल्यांसाठी सोपा नव्हता. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० सालीच जाहीर सांगितलं होतं की त्यांना डीबगर आवडत नाहीत. कोड नीट समजून घेऊन विचार करणारे लोक त्यांना हवे होते. त्यामुळे केजीडीबी कित्येक वर्षं मुख्य कर्नेलच्या बाहेर राहिला. बाहेर राहणाऱ्या पॅचला नवी आवृत्ती आली की नव्याने बसवून घ्यावं लागतं, आणि तो कसा लावायचा हेही नव्याने लिहावं लागतं. काळे यांच्यानंतर टॉम रिनी आणि मग जेसन वेसल यांनी तो ओढला, इंगो मोलनार यांनी साफसफाईला हात लावला, आणि २००८ मध्ये तो आत आला.

आता कागदाचा प्रवास पाहा. मार्च २००८ मध्ये वेसल यांनी तो संपूर्ण नव्याने लिहिला, कारण आत आलेल्या केजीडीबीला जुनी कृती लागू पडत नव्हती. जानेवारी २०१० मध्ये त्यात केडीबीची भर पडली. केडीबी म्हणजे जीडीबीशिवाय, थेट त्याच मशीनच्या कन्सोलवर चालणारा छोटा डीबगर. पुढे फाइलीचा साचाच बदलला. आधी कर्नेलचे मोठे दस्तऐवज डॉकबुक पद्धतीने लिहीत; त्यांतून पान तयार करणं किचकट काम होतं. २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीपासून स्फिंक्स आलं. जॉर्ज ब्रांडल यांनी हे साधन पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी घडवलं होतं. मग मौरो कार्व्हाल्यो चेहाब यांनी जुन्या फाइली एकामागून एक नव्या साच्यात आणल्या. केजीडीबीची पाळी २०१७ मध्ये आली. आज तो दस्तऐवज डीबगिंगच्या वेगळ्या विभागात, आपल्या भावंडांच्या शेजारी आहे. कोणी मजकूर बदलला, कोणी साचा, कोणी जागा. प्रत्येकाची नोंद गिटमध्ये आहे.

यातला सर्वांत शिकण्यासारखा बदल मात्र केजीडीबीच्या कोडमुळे झालेला नाही. हल्लेखोराला पत्ते हाती लागू नयेत म्हणून दर बूटला कर्नेल मेमरीत वेगळ्या जागी बसवण्याची सोय आहे, केएएसएलआर. २०१७ मध्ये ४.१२ पासून एक्स-८६ वर ती आपोआप चालू झाली. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण जीडीबीच्या तक्त्यातले पत्ते एक आणि चालत्या कर्नेलमधले दुसरे, अशी स्थिती झाली. सगळ्या पायऱ्या बरोबर करूनही ब्रेकपॉइंट नीट लागत नाही. केजीडीबीची एक ओळ न बदलताही त्याचा कागद अपुरा ठरला. म्हणून आज त्यात ‘नोकेएएसएलआर’ या बूट पर्यायावर स्वतंत्र परिच्छेद आहे. आपल्या विद्यार्थ्याने तो वाचावाच, नाहीतर पुढची अडचण हीच येईल.

डॉक्युमेंटेशन राखणं अवघड का, याचं उत्तर या उदाहरणात आहे. कोड मोडला तर कंपायलर लगेच तक्रार करतो. कागद मोडला तर कुठेही लाल अक्षर उमटत नाही. तो वाचून कामाला बसलेल्या माणसाचा वेळ वाया जातो, आणि बहुतेकदा तो माणूस नवखा असल्याने दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसतो.

आमच्या भोर-वेल्ह्याकडे हे समजायला सोपं आहे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. दप्तरी नाव एका निर्णयाने बदलतं; पण जुनं नाव जिथे जिथे लिहिलेलं असतं, दाखल्यांवर, पाट्यांवर, गडाच्या माहितीपत्रकांत, तिथे कोणीतरी जाऊन हाताने बदल करावा लागतो. कर्नेलमध्ये दस्तऐवज एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला की तेच होतं. कोडच्या टिपांत, पर्यायांच्या मदतीत, इतर दस्तऐवजांत जुना पत्ता राहून जातो. त्यासाठी एक स्क्रिप्ट आहे. ‘मेक रेफचेकडॉक्स’ म्हटलं की ती सगळं झाड पिंजून, अस्तित्वात नसलेल्या फाइलींकडे बोट दाखवणारे संदर्भ समोर मांडते.

दुसरी सोय कोडच्या आतच आहे. फंक्शनच्या डोक्यावर एक तिरपी रेघ आणि दोन फुल्या घालून टीप लिहायची : फंक्शनचं नाव, एका ओळीत काम, प्रत्येक पॅरामीटरचा अर्थ, परत काय मिळतं. स्फिंक्स पान बांधताना ही टीप उचलतं. केजीडीबीच्या दस्तऐवजाचा काही भाग असाच थेट कोडमधून येतो. कोणी पॅरामीटर वाढवला आणि टीप तशीच ठेवली तर ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ चालवताना इशारा येतो. निदान इतक्यापुरता कागदाला आवाज मिळतो. पायऱ्या, सल्ले, कारणं यांची तपासणी मात्र माणसानेच करायची.

जुना झालेला दस्तऐवज ओळखायचा कसा? याची मार्गदर्शिका कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, कॉर्बेट यांनी लिहिलेली, आणि ती फार उपयोगी आहे. मजकुरात २.काहीतरी आवृत्तीचे उल्लेख, सोर्सफोर्जकडे जाणारे पत्ते, गिटच्या आधीच्या कामाच्या पद्धती, आणि गिटच्या इतिहासात वर्षानुवर्षं शुद्धलेखनाशिवाय एकही बदल नसणं, या त्यातल्या काही खुणा. आपल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकातल्या परिच्छेदाला यातल्या पहिल्या दोन लागू पडतात. अशा दस्तऐवजाचं काय करायचं? दुरुस्त होत असेल तर दुरुस्ती. ज्या गोष्टीबद्दल तो सांगतो तीच कर्नेलमधून गेली असेल तर सरळ काढून टाकायचा. मला हे शंभर टक्के पटतं. चुकीचा कागद शेजारच्या बरोबर कागदांवरचाही विश्वास घालवतो.

आता तिसरा प्रश्न, मराठीचा. कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये भाषांतरांचा वेगळा विभाग आहे. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश तिथे आहेत. आपल्याकडची एकही भाषा नाही. नवख्यांसाठीच्या मार्गदर्शिकेची चिनी आणि जपानी भाषांतरं २००७ पासून आहेत. मूळ इंग्रजी आणि भाषांतर यांत फरक दिसला तर मूळ प्रमाण मानावं, अशी सूचना भाषांतरांच्या माथ्यावर असते, कारण मूळ सतत बदलतं. भाषांतर मुळाच्या किती मागे पडलं हे गिटच्या इतिहासावरून काढणारी स्क्रिप्टही आता आहे.

मराठी तिथे असावी, असं मला मनापासून वाटतं. पण केजीडीबीच्या कागदाचा प्रवास पाहिल्यावर अट स्पष्ट दिसते : एकदा भाषांतर करून पाठवणारा उत्साही पुरेसा नाही. मुळात बदल झाला की मराठीत तो आणणारी दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं हवीत, आणि त्यांची नावं मेंटेनरांच्या यादीत हवीत. एखाद्या कॉलेजच्या गटाने एकच छोटा दस्तऐवज घ्यावा, पॅच कसा पाठवायचा हा विषय उत्तम, आणि तो दर आवृत्तीला, म्हणजे साधारण नऊ-दहा आठवड्यांनी, मुळाशी ताडून पाहावा. चार आवृत्त्या हे निभावलं तर दुसरा घ्यावा. न राखलेलं मराठी भाषांतर आपल्याच मुलांना चकवेल. त्यापेक्षा नसलेलं परवडलं.

मार्गासनीच्या विद्यार्थ्याने पत्राच्या शेवटी विचारलंय की सी भाषा अजून पक्की नाही, तर कर्नेलला हातभार कसा लावू. असा लावा. केजीडीबीचा दस्तऐवज उघडा, क्यूईएमयूमध्ये पहिल्या पायरीपासून करत जा. जिथे अडाल तिथे टीप करा : पायरी सुटली आहे, पर्यायाचं नाव बदललं आहे, की आधी काय माहीत असायला हवं ते सांगितलेलं नाही? कोड बघून खात्री करा, दुरुस्ती लिहा, पान बांधून पाहा. ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्ट दुरुस्ती कोणाकडे पाठवायची ते सांगते. बदल का केला ते दोन-चार वाक्यांत लिहा आणि खाली स्वतःच्या नावाने साइन-ऑफ करा. शुद्धलेखनाच्या दोन-तीन चुका सुधारून हात बसवायला हरकत नाही. पण कॉर्बेट यांचीच विनंती आहे की तिथेच थांबू नका, पुढच्या नवख्यासाठी थोड्या चुका शिल्लक ठेवा आणि मोठ्या कामाला लागा.

नवखा वाचक या कामात सर्वांत मोलाचा असतो, कारण जाणकाराला सुटलेली पायरी दिसतच नाही. तो ती न वाचताच ओलांडतो. तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने कर्नेलचा एक दस्तऐवज घ्या, त्यात लिहिल्याप्रमाणे करून पाहा, आणि जे खटकेल ते मला कळवा. पुढच्या रविवारी पानांचं वाटप नक्की.